सेकंडहँड गाडीला एकच चावी: दुसरी आत्ता करायची का दिवाळी बोनसची वाट बघायची?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला राहता, तीन महिन्यांपूर्वी २०१७ ची स्विफ्ट घेतलीत, डीलरने एकच चावी दिली आणि "दुसरी शोधून देतो" म्हणाला ती काही आली नाही. सर्व्हिस सेंटरने रिमोटच्या चावीचे कोडिंगसकट (म्हणजे नवी चावी गाडीला ओळखायला लावणं) ८,५०० सांगितले, बाजारातला चावीवाला २,८०० म्हणतोय, आणि हातातली हीपण हरवली तर लॉकसेट बदलून १८ हजारांच्या घरात जाईल म्हणे. इमर्जन्सी फंड ४० हजार आहे. आता विचारताय की बोनसपर्यंत थांबू, का क्रेडिट कार्डवर हप्ते करून कंपनीचीच घेऊ, का इन्शुरन्सच्या रिन्यूअलला "की रिप्लेसमेंट" म्हणजे हरवलेल्या चावीचा खर्च देणारं कव्हर घेऊन मोकळा होऊ.

थांबू नका. २,८०० रुपये सेव्हिंग खात्यात चार महिने ठेवले तर ३ टक्के व्याज धरलं तरी २८ रुपये मिळतील, आणि त्या २८ रुपयांसाठी तुम्ही १८ हजारांची जोखीम खिशात घेऊन फिरताय. एक चालू चावी हातात असताना दुसरी करणं सोपं असतं, पातं समोर बघून कापता येतं, गाडी चालू करून कोडिंग करता येतं. एकही नसली की गाडी टो करा, नाहीतर चावीवाल्याला जागेवर बोलवा आणि तो सांगेल तो भाव द्या, तेव्हा घासाघीस करायची ताकदच उरत नाही.

क्रेडिट कार्डचे हप्ते नकोत, व्याज, प्रोसेसिंग फी आणि त्या दोन्हीवर १८ टक्के जीएसटी, एवढं एका चावीसाठी कशाला. फंडातून काढा, पुढच्या पगाराला परत भरा. आणि "की रिप्लेसमेंट" कव्हर चांगलं असलं तरी पॉलिसी चालू असताना हरवलेल्या चावीसाठी असतं, जी तुमच्याकडे कधी आलीच नाही तिचे पैसे त्यातून मिळणार नाहीत. दोन चाव्या झाल्यावर रिन्यूअलला प्रीमियम किती वाढतो ते बघा, मग ठरवा.

आता ८,५०० का २,८००? माझं मत बाजारातली, आणि खरं सांगायचं तर त्यातही रिमोट नसलेली साधी चिपची चावी किती ते आधी विचारा, अजून स्वस्त पडेल. गाडी सुरू होते ती चावीच्या डोक्यातल्या चिपमुळे, इग्निशनभोवतीची कॉइल ती चिप वाचते आणि कोड जुळला तरच इमोबिलायझर इंजिन चालू होऊ देतो. रिमोटचं बटण फक्त दारं उघडतं. कपाटात पडून राहणाऱ्या स्पेअर चावीला बटण हवंच कशाला? रोजची जुनीच वापरा. गाडी वॉरंटीत असती किंवा पुश बटणवाली स्मार्ट की असती तर मी सर्व्हिस सेंटरचा विचार केला असता.

पण स्वस्तात करताना काही गोष्टींवर अडून बसा. काम तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे, चावी "संध्याकाळी घेऊन जा" म्हणून ठेवून येऊ नका. तो चिप क्लोन करणार का गाडीत नवीन चावी म्हणून नोंदवणार ते विचारा. क्लोन म्हणजे गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात, मग उद्या एक हरवली तर तेवढीच बाद करता येत नाही. तुम्हाला नोंदवलेलीच हवी, आणि त्याच वेळी मेमरीतल्या जुन्या चाव्या काढून फक्त हातातल्या दोन ठेवायला सांगा, कारण ती न आलेली चावी कुठेतरी कुणाकडे तरी आहेच ना! तिचं पातं दार उघडेल पण निदान गाडी सुरू होणार नाही. काही जण चिप इग्निशनजवळ चिकटवून साध्या चावीवर गाडी चालू करून देतात, शंभर-दोनशेत होतं, ते अजिबात करू नका, मग इमोबिलायझर असून नसल्यासारखा. आणि टेस्ट करताना जुनी चावी बायकोकडे देऊन तिला लांब उभं करा, जुनी जवळ असली तर कॉइल तिचीच चिप वाचते आणि नवीन चालली असं वाटतं. गाडी चार-पाच वेळा चालू-बंद करून मगच पैसे, आणि बिल घ्याच.

बिलावर एवढा जोर का, तर माझ्या दृष्टीने तुमचा मोठा प्रश्न चावीचा नाहीच, इन्शुरन्सचा आहे. गाडी चोरीला गेली तर कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही ओरिजिनल चाव्या मागते. एकच दिली की "दुसरी कुठाय, गाडीत विसरला होता का" इथून सुरुवात होते आणि क्लेम अडकतो, कधी नाकारतात, कधी नॉन-स्टँडर्ड म्हणून कापून देतात. तिथे प्रश्न पाच-सहा हजारांचा नसतो, गाडीच्या अख्ख्या आयडीव्हीचा, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीचा असतो. म्हणून डीलरकडून "विक्रीच्या वेळी एकच चावी दिली" असं तारखेसकट लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर तरी घ्या. आधीच्या मालकाकडून हरवली असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद त्याला करायला सांगा. मग हे सगळं नवीन चावीच्या बिलासोबत इन्शुरन्स कंपनीला मेल करा आणि पोच जपून ठेवा. फुकटचं काम आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणीच करत नाही.

आणि हो, पॉलिसी तुमच्या नावावर झालीय का? मेलमध्ये त्याचा उल्लेखच नाही. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसी ट्रान्सफरचा अर्ज करायचा असतो, थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं) कव्हर गाडीसोबत येतं पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आणि चोरीचं आपोआप येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही, ट्रान्सफरच्या वेळी त्याचा फरक भरावा लागतो, तो किती ते आधी विचारून घ्या कारण फंडातून तोही जाणार आहे. हे राहिलं असेल तर चावीच्या आधी हे करा. डीलर "आरसी आली की करू" म्हणत असेल तर आरटीओचं काम कुठे अडलंय ते वाहन नंबर टाकून परिवहनच्या साइटवर स्वतः बघा.

डीलरकडून चावीचे २,८०० वसूल करायचा प्रयत्न करा, मागायला काय जातंय, अर्धे दिले तरी घ्या. फक्त त्या मागणीत एकच चावी दिल्याचं ते लेखी घ्यायचं राहू देऊ नका, दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर कागद घ्या.