वजनगट एक, काळ दोन

प्रश्न : शुगर रे रॉबिन्सन (१९५० चं दशक) आणि मार्विन हॅगलर (१९८० चं दशक), दोघेही बॉक्सिंगमधल्या मिडलवेट वजनगटाचे विश्वविजेते. आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडले आहेत. दोघे ऐन भरात समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मातीवरचा वाघ गादीवर तसाच चालेल, असं कुणी गृहीत धरत नाही. इथेही तेच. लढत कुणाच्या नियमांनी खेळवायची, हे तुमच्या कट्ट्यावर बहुधा ठरलेलंच नाही. एकाच्या डोक्यात १५ फेऱ्या आहेत, दुसऱ्याच्या १२. म्हणून आधी चार गोष्टी कागदावर घ्या : फेऱ्या किती, वजन कधी घेणार, ग्लोव्हज किती औंसांचे आणि रिंग केवढी.

मिडलवेटची मर्यादा १६० पौंड, म्हणजे ७२.५७ किलो. ती रॉबिन्सनच्या वेळी होती, हॅगलरच्या वेळी होती आणि आजही आहे. पण नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध १४व्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू दगावला. त्यानंतर डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेने विजेतेपदाच्या लढती १२ फेऱ्यांवर आणल्या आणि १९८८ पर्यंत इतर मोठ्या संघटनाही तिथेच आल्या. गेल्या त्या तीन फेऱ्या, नऊ मिनिटांच्या. त्यांची किंमत बघायची तर १९८१ ची वेल्टरवेट (१४७ पौंड) लढत घ्या. शुगर रे लेनर्डने टॉमी हर्न्सला १४व्या फेरीत थांबवलं (म्हणजे रेफरीने लढत मध्येच सोडवली), तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. बाराव्या फेरीनंतर घंटा वाजवून घरी पाठवलं असतं, तर पट्टा हर्न्सच्या कमरेला.

हॅगलरला याचा फटका स्वतःलाच बसला. ६ एप्रिल १९८७ च्या लढतीसाठी लेनर्डच्या गोटाने १५ ऐवजी १२ फेऱ्या, २० फुटी मोठी रिंग आणि १० औंसांचे ग्लोव्हज मागितले. हॅगलरने तिन्ही मान्य केलं. वर स्वतः डावखुरा पवित्रा सोडून उजव्या पवित्र्यात सुरुवात केली आणि पहिल्या काही फेऱ्या पाण्यात घातल्या. निकाल : ११८-११० लेनर्ड, ११५-११३ लेनर्ड, ११५-११३ हॅगलर. रिंगच्या कडेला बसलेल्या तीन पंचांचंही एकमत झालं नाही, तिथे तुमच्या कट्ट्याचा काय दोष!

आता आमचा कौल. १५ फेऱ्या आणि लढतीच्या दिवशीच वजन : हॅगलर, गुणांवर. ६७ लढतींत त्याला कुणी थांबवू शकलं नाही. हातांचा पल्लाही त्याचाच जास्त : उंची सुमारे ५ फूट साडेनऊ इंच, पण पल्ला ७५ इंच. रॉबिन्सन उंचीला ५ फूट ११, पल्ला साडेबहात्तरच्या आसपास. १२ फेऱ्या असतील तर मात्र रॉबिन्सन. हॅगलर संथ सुरू होतो आणि रॉबिन्सनची दोन्ही हातांच्या ठोशांची साखळी पहिल्या फेरीपासून चालू असते. बारा फेऱ्यांत हॅगलरला ती उधारी फेडायला वेळ पुरत नाही.

प्रश्न : मुलांच्या स्पर्धेत इथे रोज सकाळी वजन घेतात. व्यावसायिकांचं आदल्या दिवशी. याने जुन्या-नव्याच्या तुलनेत खरंच फरक पडतो? (एक पालक, हडपसर)

उत्तर : आमच्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो आणि सगळ्यात कमी लक्ष याकडेच जातं. सकाळी वजन आणि रात्री लढत असेल, तर बॉक्सरला आपल्या खऱ्या वजनाच्या जवळच राहावं लागतं. शरीरातलं पाणी काढून तीन-चार किलो उतरवले, तर संध्याकाळपर्यंत पाय भरून येत नाहीत. आदल्या दिवशी वजन झालं की चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ मिळतो. मग १६० दाखवून रिंगमध्ये १७० च्या पुढे उतरता येतं. म्हणूनच आयबीएफ (इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन) ही संघटना आपल्या विजेतेपदाच्या लढतीत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं करते आणि मर्यादेच्या वर १० पौंडांपर्यंतच सूट देते.

आता रॉबिन्सनकडे बघा. १४ फेब्रुवारी १९५१ ला त्याने जेक लामोटाला १३व्या फेरीत थांबवून मिडलवेटचा पट्टा घेतला. त्या दिवशी त्याचं वजन १५५.५ पौंड होतं. लामोटा पुरता १६०. आजच्या पद्धतीत रॉबिन्सन बहुधा १५४ च्या गटात गेला असता. तो गट १९६२ पर्यंत नव्हताच. १४७ च्या वर थेट १६०. म्हणजे ‘एकच वजनगट’ म्हणून आपण ज्यांची जोड लावतो, त्यातला एक मुळात दुसऱ्या गटाचा माणूस असू शकतो. तुलना करताना गटाचं नाव सोडा, त्या रात्री रिंगमध्ये कोण किती पौंडांचा होता ते शोधा.

जाता जाता : विजेंदर सिंगने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्या मिडलवेटमध्ये कांस्य घेतलं, तो गट ७५ किलोचा. नाव तेच, काटा वेगळा.

प्रश्न : रॉबिन्सनचे १९ पराभव, हॅगलरचे फक्त ३. मग वाद कसला? आणि अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, तर अ श्रेष्ठ नाही का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : पराभव मोजू नका, त्यांच्या तारखा बघा. जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनकडून हरेपर्यंत रॉबिन्सन सव्वाशेहून जास्त लढती जिंकून बसला होता आणि पराभव एकच, लामोटाकडून. बाकीचे १८ पुढच्या चौदा वर्षांतले. निवृत्त झाला तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. शिवाय तो लढायचा किती! ५ फेब्रुवारी १९४३ ला लामोटाकडून हरला, १९ तारखेला जॅकी विल्सनला हरवलं, २६ ला पुन्हा लामोटासमोर उभा राहून जिंकला. आजचा विजेता वर्षाला दोन लढती लढतो. तुलनेसाठी दोघांची सर्वोत्तम तीन वर्षं घ्या, अख्खी कारकीर्द नको.

अ-ब-क चं म्हणाल, तर हर्न्सने १९८४ मध्ये रोबेर्तो दुरानला दुसऱ्या फेरीत झोपवलं. १९८८ मध्ये आयरन बार्कलीने हर्न्सला तिसऱ्या फेरीत थांबवलं. पुढच्याच फेब्रुवारीत ३७ वर्षांच्या दुरानने बार्कलीला हरवून मिडलवेटचा पट्टा नेला. लावा आता क्रम. उंच, लांब हातांच्या हर्न्ससमोर दुरानला आत शिरता येईना. बार्कली स्वतःच अंगावर चालून येणारा, म्हणजे दुरानला हवा तसा. कुणाची शैली कुणाला अडते, हे बघितल्याशिवाय ही साखळी वापरू नका.

प्रश्न : जुन्या चित्रफिती बघताना नेमकं काय बघायचं? (एक विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : निवडक क्षणांच्या क्लिप नकोत, त्यात सगळेच अजिंक्य दिसतात. प्रत्येकाच्या तीन पूर्ण लढती : एक सोपी, एक घासून झालेली, एक हरलेली. समालोचन बंद. घंटा झाली की लगेच वहीत १०-९ लिहा (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९), नंतर आठवून नाही. पुढचा पाय कुठे पडतो, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून हात हनुवटीपाशी परत येतो की खाली लोंबतो आणि शेवटच्या तीन फेऱ्यांत यातलं काय ढेपाळतं, एवढंच टिपा. मूकपटांच्या काळातल्या फिती कमी चौकटींवर घेतलेल्या असतात, म्हणून माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, वेग ०.७५ वर आणा, मग ठोसे खरे वाटतील. निकालही त्या वेळच्या पद्धतीने वाचा. लंडनच्या त्या टर्पिन लढतीत तीन पंच नव्हते, निर्णय एकट्या रेफरीचा होता.

हॅरी ग्रेब १९२३ ते १९२६ मिडलवेटचा विजेता होता आणि पुढे हेवीवेटचा विजेता झालेल्या जीन टनीला हरवणारा एकमेव बॉक्सर. त्याच्या एकाही लढतीची फीत उरलेली नाही. त्याला यादीत जरूर ठेवा, पण नावापुढे ‘ऐकीव’ असं लिहून.

प्रश्न : मेरी कोम की निखत झरीन? (एक वाचक, औंध)

उत्तर : त्या खरोखर लढल्या आहेत : डिसेंबर २०१९, दिल्ली, ५१ किलोची निवड चाचणी. मेरी ९-१ ने जिंकली. तेव्हा मेरी ३७ वर्षांची, निखत २३ ची. पण निखतचं पहिलं जगज्जेतेपद २०२२ चं, ५२ किलोतलं. मेरीची तिच्या भरातली जगज्जेतेपदं ४५ ते ४८ किलोतली. दोघींना आपापल्या सर्वोत्तम वर्षी आणून उभं केलं, तर काट्यावरच किमान चार किलोंचा फरक निघतो.