बोली जिंकली, पैसे भरले. वस्तू मात्र आली नाही

ऑनलाइन लिलावात घेतलेल्या वस्तू हाती न आल्याची पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. रक्कम बहुधा पाच ते पंधरा हजारांच्या घरातली असते, आणि तेवढ्यासाठी कोर्टकचेरी कोण करणार, या विचाराने बहुतेक वाचक महिनोन्‌महिने विक्रेत्याच्या फोनची वाट पाहत बसतात. नेमका हा वाट पाहण्याचा काळच अंगाशी येतो, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मला जुन्या पितळी दिव्यांची आवड आहे. एका लिलाव संकेतस्थळावर साखळी आणि मोर असलेला लामणदिवा मी ७,४०० रुपयांच्या बोलीने जिंकला. संकेतस्थळाचे दहा टक्के कमिशन ७४० रुपये आणि पाठवणीचे २६० रुपये धरून एकूण ८,४०० रुपये त्याच दिवशी भरले. तीन आठवड्यांनी विक्रेत्याने कळवले, की दिवा बांधताना पडला आणि मोराची मान तुटली. पैसे परत मागितले तर तो उत्तर देत नाही. काल तोच दिवा त्याच संकेतस्थळावर १२,००० रुपयांच्या सुरुवातीच्या बोलीने पुन्हा लावलेला दिसला. मोर धडधाकट आहे. संकेतस्थळ म्हणते, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो. — एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वप्रथम तो नवा लिलाव ज्या पानावर दिसतो, त्याची छायाचित्रे तारीख, वेळ आणि लिलाव क्रमांक दिसेल अशा रीतीने आजच काढून ठेवा. आपली तक्रार पोहोचताच ते पान नाहीसे होण्याची दाट शक्यता आहे. जुन्या आणि नव्या लिलावातील दिव्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवून साखळीच्या कड्या, मोराच्या पिसाऱ्यावरील एखादा पोचा, तेलाच्या वाटीच्या काठावरील झीज अशा खुणा जुळवून पाहा. जुनी पितळी वस्तू दुसरीसारखी हुबेहूब कधी नसते, आणि हेच आपल्या बाजूचे सर्वांत भक्कम साधन आहे.

आता कायद्याकडे वळू. मालविक्री कायदा १९३० सालचा असला, तरी त्याचे कलम ६४ लिलावाविषयीच आहे. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा मारून किंवा रूढ असलेल्या अन्य रीतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर केले, की विक्री पूर्ण होते आणि तोवर बोली मागे घेता येते, असे ते कलम सांगते. ऑनलाइन लिलावात वेळ संपल्यावर ‘आपण विजेते आहात’ असा जो संदेश येतो, तोच आपला हातोडा. त्यानंतर आपल्याला जसे ‘बोली जास्त झाली, नको’ म्हणता येत नाही, तसेच विक्रेत्यालाही ‘भाव कमी आला, देत नाही’ असे म्हणता येत नाही. कमी भावात वस्तू गेली म्हणून ती ‘तुटली’ असे सांगून पुन्हा लिलावात लावणे हा सरळसरळ करारभंग आहे, आणि माझ्या मते तो उघड लबाडीचाही प्रकार आहे.

बहुतेक वाचक फक्त भरलेले पैसे परत मागतात. आपला हक्क त्याहून मोठा आहे. विक्रेत्याने वस्तू देण्याचे टाळले, तर त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे खरेदीदाराला नुकसानभरपाई मागता येते, आणि ती साधारणपणे ठरलेली किंमत व बाजारभाव यांतील फरकाने मोजतात. तशाच दिव्याचा भाव आज १३,००० रुपये असेल आणि दोन व्यापाऱ्यांकडून तसे लेखी दर मिळाले, तर भरलेल्या ८,४०० रुपयांखेरीज ५,६०० रुपयांचा फरकही आपण मागू शकता. विक्रेत्याने स्वतः लावलेली १२,००० रुपयांची नवी बोली ही तर त्याच्याच हातची कबुली आहे.

‘आम्ही फक्त गाठ घालून देतो’ हे उत्तर ऐकून अनेक जण खचतात. खचण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक सेवा पुरवठादार’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात ऑनलाइन बाजारपेठांबरोबर ऑनलाइन लिलाव संकेतस्थळांचाही स्पष्ट उल्लेख आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली मध्यस्थाला काही संरक्षण मिळते हे खरे. परंतु आपल्या प्रकरणात संकेतस्थळाने खरेदीदाराकडून, म्हणजे आपल्याकडूनच, ७४० रुपये कमिशन घेतले आहे. मोबदला घेऊन दिलेली ती सेवा आहे आणि तिच्यातील त्रुटीबद्दल जाब विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि संकेतस्थळ या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा.

जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचे निराकरण केले पाहिजे. तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खरेदी झाल्यावर ग्राहकाने लेखी मागणी केली, तर विक्रेत्याचा पत्ता, ईमेल आणि संपर्काची इतर आवश्यक माहिती देणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे. ही मागणी स्वतंत्र ईमेलने करा. गप्पांच्या खिडकीत केलेली मागणी नंतर सापडत नाही. दिव्याचा नवा लिलाव थांबवावा अशी मागणीही त्याच ईमेलमध्ये नोंदवा.

महिनाभरात काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीशी बोलून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते, आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. तिथेही मिटले नाही, तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. संकेतस्थळाचे कार्यालय बंगळुरूत आणि विक्रेता जयपूरला असला, तरी २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली आहे. माझ्या दृष्टीने ही त्या कायद्याची सर्वांत मोलाची देणगी आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वस्तू तपासण्याची गरज नसेल तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र निकालानंतर आदेश पाळला नाही, तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, याची जाणीव विरुद्ध पक्षाच्या वकिलांना असते.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात ११,५०० रुपयांना जुना कॅमेरा घेतला. ट्रॅकिंगवर पार्सल ‘वितरित’ दिसते. माझ्या घरी काहीच आलेले नाही. विक्रेत्याने तोच ट्रॅकिंगचा फोटो पाठवला आणि संकेतस्थळाने तक्रार बंद केली. — एक वाचक, नाशिक

उत्तर : विक्रेत्याकडून ट्रॅकिंगचा फोटो नको, टपाल कार्यालयाने दिलेली मूळ बुकिंग पावती मागा, आणि मिळाली की सर्वप्रथम तिच्यावरचे वजन वाचा. अशाच एका प्रकरणातील पावती मी स्वतः हातात घेऊन पाहिली आहे. घेतलेली वस्तू सव्वा किलोची होती आणि पावतीवर वजन होते ४० ग्रॅम. पिन कोड बरोबर होता, नाव मात्र दुसऱ्याचेच. विक्रेत्याने त्याच पिन कोडमधील कोणत्या तरी पत्त्यावर एक पाकीट पाठवले होते. पाकीट पोहोचले, ट्रॅकिंगवर ‘वितरित’ उमटले, आणि संकेतस्थळाच्या यंत्रणेने तेवढे पाहून तक्रार निकालात काढली. आपल्या पावतीवरही असेच वजन निघाले, तर जुना कॅमेरा आणि त्याची भिंग असलेली नळी ४० ग्रॅममध्ये बसत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पावती देण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर ट्रॅकिंग क्रमांक घेऊन आपल्या वितरण टपाल कार्यालयात जा आणि पोस्टमास्तरांना लेखी अर्ज द्या, की हे पार्सल माझ्या नावे आणि माझ्या पत्त्यावर आले होते का, आणि ते कोणी सही करून घेतले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. उत्तर न मिळाल्यास दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराखाली हीच माहिती मागता येते. खासगी कुरिअर असेल तर माहिती अधिकार चालत नाही. तिथे वितरणाचा पुरावा कुरिअर कंपनीकडे ईमेलने मागावा.

वाहतूकदाराच्या स्वाधीन केलेला माल सकृद्दर्शनी खरेदीदाराला दिल्यासारखाच, असा मुद्दा मालविक्री कायद्याच्या कलम ३९ चा आधार घेऊन विक्रेते मांडतात. परंतु ते कलम ठरलेला माल ठरलेल्या खरेदीदाराकडे पाठवल्यावरच लागू होते. दुसऱ्याच्या नावे गेलेल्या पाकिटाला त्याचा आधार मिळत नाही. टपाल खात्याकडून भरपाई मागण्यात मात्र शक्ती घालवू नका, कारण त्या खात्याचे उत्तरदायित्व कायद्यानेच अतिशय मर्यादित ठेवले आहे. आपण क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे लगेच ‘माल मिळाला नाही’ या कारणाखाली चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. त्यासाठी वस्तू मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून साधारणतः १२० दिवसांची मुदत असते, आणि विक्रेत्याची ‘आणखी दहा दिवस थांबा’ ही विनवणी पुष्कळदा ही मुदत उलटावी यासाठीच असते.

प्रश्न : नाण्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात दर रविवारी लिलाव होतो. तिथे मी ६,००० रुपयांची शिवराई नाणी घेतली आणि यूपीआयने पैसे पाठवले. आता विक्रेता गट सोडून गेला आणि त्याचा फोनही बंद आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे पत्र मिळताच आपल्याला फोन करून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्यास सांगितले होते, इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो. अशा प्रकरणात पहिले काही तास निर्णायक असतात, कारण पैसे पुढच्या खात्यात किंवा एटीएममधून निघून जाण्याआधीच बँकेला ते गोठवता येतात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहार क्रमांकासह तक्रार करावी आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते, ज्यात गंभीर प्रकारासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निव्वळ उशीर हा दिवाणी वाद आहे. म्हणून गट सोडणे, फोन बंद करणे, इतर सभासदांनाही असेच फसवणे या गोष्टी अर्जात तारखांनिशी लिहा, कारण हेतू त्यांतूनच दिसतो.

इथे ग्राहक कायद्याचा आधार कच्चा आहे. नियमितपणे व्यवसाय न करता स्वतःजवळची वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. विक्रेता दर रविवारी नाणी विकत होता हे जुन्या संदेशांवरून दाखवता आले, तर मात्र तो व्यापारीच ठरू शकेल. म्हणून गटातून बाहेर पडू नका आणि संभाषण निर्यात करून जपून ठेवा. पैसे परत मिळवून देतो, आधी ‘प्रक्रिया शुल्क’ भरा, असा फोन आला तर तो दुसरा सापळा समजावा.

प्रश्न : मी जुनी पुस्तके लिलावात घेऊन दुकानात विकतो. न आलेल्या ९,००० रुपयांच्या पुस्तकांसाठी ग्राहक आयोगात जाता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही. आपल्याला लेखी नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात जावे लागेल, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करावा. लोकअदालतीत एवढ्या रकमेची तडजोड होऊ शकते आणि तिथे झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो.

प्रश्न : ईबेवर इंग्लंडमधील विक्रेत्याकडून शाईचे जुने पेन घेतले. दीड महिना झाला, ट्रॅकिंग मुंबईत येऊन थांबले आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले, त्यामुळे आपला व्यवहार परदेशी संकेतस्थळाशी आहे आणि त्याच्याच खरेदीदार संरक्षण योजनेचा आधार घेणे सर्वांत सोपे आहे. वस्तू पोहोचण्याची जी शेवटची अंदाजित तारीख आपल्याला दाखवली होती, तिच्यापासून ३० दिवसांच्या आत ‘वस्तू मिळाली नाही’ अशी नोंद करावी लागते. विक्रेत्याला उत्तरासाठी तीन कामाचे दिवस मिळतात आणि त्यानंतर ईबेला मध्ये पडण्यास सांगता येते. विक्रेता कितीही सज्जनपणे बोलत असला, तरी ही नोंद आजच करा. नोंद केल्याने त्याचा अपमान होत नाही.

मात्र ट्रॅकिंग मुंबईत थांबले आहे, याचा अर्थ पेन सीमाशुल्क तपासणीत अडकलेले असू शकते. अशा वेळी ओळखपत्र आणि खरेदीची पावती मागणारे पत्र किंवा संदेश येतो, आणि तो आपल्याकडून दुर्लक्षित राहिला तर पार्सल परत इंग्लंडला जाते. मग दोष विक्रेत्याकडे दाखवता येत नाही. गेल्या दीड महिन्यातील टपाल, एसएमएस आणि ईमेलचा नको असलेल्या पत्रांचा कप्पा एकदा तपासून घ्या. संदेश सापडल्यास त्यातील दुव्यावर थेट पैसे न भरता, पार्सलचा क्रमांक टपाल खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळा आणि मगच कागदपत्रे पाठवा.