सप्रेम भेट नाही

चि. नव्या लेखिकेस, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा तू नेमकं काय विचारतेस तेच कळेना. कादंबरी जमलीय का, हा तुझा प्रश्नच नाही. असता तरी मी उत्तर दिलं नसतं. तुझा घोळ वेगळा आहे. कुठल्याशा कंपनीने कादंबरी छापून देण्याचं ६५ हजारांचं पॅकेज पुढं केलंय, त्यात ‘लेखकास ५० प्रती मोफत’ असं छापलंय. आणि मामा म्हणतो, पहिली आवृत्ती वाटून टाक, आधी नाव होऊ दे. तू विचारतेस, कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. पुस्तकाची एकही प्रत फुकट द्यायची नाही आणि पुस्तकासाठी कोणाकडून काही फुकट घ्यायचंही नाही. मी एवढ्या वर्षांत हे एकच धरून बसलोय, त्यामुळे तुला दुसरं काही ऐकायचं असेल तर पत्र इथंच ठेव.

आधी त्या ५० प्रती. मोफत कशा गं? ६५ हजार तुझे, कागद त्यातला, छपाई त्यातली, आणि तुझ्याच पैशाच्या प्रती तुला मोफत! वर ‘आयएसबीएन नोंदणी’चा खर्च वेगळा लावलाय. पुस्तकाची ओळख सांगणारा हा १३ आकडी क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते, त्याला एक पैसा पडत नाही, आणि लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी मिळतो. अर्ज ऑनलाइन होतो. कंपनीने काढला तर नोंदीत प्रकाशक म्हणून कंपनीचं नाव लागणार, पैसे मात्र तुझे.

कराराचा जो फोटो पाठवलास त्यात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ आहे आणि मुदतीची ओळच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम काढून वाच. मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठी दिले असं धरतात. खर्च करून वर ५ वर्षं कादंबरी दुसऱ्याच्या दावणीला? लेखकाच्या मरणानंतरही ६० वर्षं हा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, एवढी मोठी गोष्ट आहे ती. सही करू नकोस. केली असशील तर मला ताबडतोब फोन कर, रात्र झाली असली तरी.

आता मामांचं. मी कारखान्यात अकाउंट्सला आयुष्य काढलंय, म्हणून हिशेबानेच सांगतो. तुझी कादंबरी डेमी आकारात १७६ पानांत बसेल. १६ पानांचा फर्मा (म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं) धरला तर बरोबर ११ फर्मे. (१८० होऊ देऊ नकोस. चार पानांसाठी प्रेसवाला कुरकुरेल आणि त्याचं बरोबर असेल. अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश एकाच पानावर घे.) समज, ५०० प्रती काढल्या आणि सगळं धरून प्रत ९० रुपयांना पडली. किंमत २५० ठेवलीस. दुकानदाराने ४० टक्के घेतले तर तुझ्या हातात १५०. म्हणजे ४५ हजारांचं भांडवल सुटायला ३०० प्रती विकल्या पाहिजेत. मामांच्या सल्ल्याने सगळ्या सोड, नुसत्या १५० वाटल्यास, तर उरलेल्या ३५० मधल्या ३०० विकायच्या. पहिल्याच पुस्तकाच्या!

अजून खाली उतर. एका प्रतीमागं सुटतात ६० रुपये. फुकटची प्रत पडते ९० ला, पाकीट आणि टपालाचे ३० धरले तर १२०. म्हणजे एक प्रत वाटलीस की दोन विकून ती भरून काढायची. हे गणित मामांना दाखव.

तुझ्या वडिलांचा बेदाणा तासगावच्या सौद्याला जातो. व्यापाऱ्याला माल बघायला मिळालाच पाहिजे, त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. पण बघता बघता उधळण सुरू झाली की शेतकरी ओरडतो, आणि ओरडायलाच पाहिजे. तूही माल दाखव. पहिलं प्रकरण पीडीएफ करून मागेल त्याला पाठव, हजार जणांना पाठव. बॉक्स मात्र पैसे मोजूनच उचलू दे.

‘घरच्यांनाही नाही का?’ हे तू विचारणारच. माझ्या थोरल्या भावाने पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रत मागितली. मी म्हटलं, १२० रुपये. त्याला थट्टा वाटली. मी पावतीपुस्तक काढलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पैसे दिले, प्रत घेतली, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आईच्या वर्षश्राद्धाला एका पंगतीत बसलो होतो, मीठसुद्धा त्याने माझ्याकडं न मागता पलीकडून मागवलं. पण एक सांगतो. त्याने ते पुस्तक अक्षरन् अक्षर वाचलं. रागाने वाचलं, चुका काढायला वाचलं, आणि आमच्या मळ्यातली विहीर मी बांधाच्या भलत्या बाजूला दाखवलीय असा निरोप पुतण्याकरवी धाडला. फुकट मिळालेलं पुस्तक कोण इतकं बारकाईने वाचतं? बोलेल तो. नाही बोलला तरी विहिरीची बाजू पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केलीय, ते त्याला ठाऊक आहे.

परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायची रीत आहे. मी पाठवत नाही. माझ्या पुस्तकांवर कुठं दोन ओळी छापून आल्या नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं, पण प्रती पाठवण्याइतकं नाही. पुरस्कारवाले चार प्रती आणि वर प्रवेश शुल्क मागतात, त्यांच्याबद्दल लिहून शाई घालवत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा माझे माळ्यावरचे गठ्ठे वाचले, कॉटखालचे गेले. वहिनी कोणाजवळ तरी म्हणाल्या म्हणे, ‘तेव्हाच वाटली असती तर लोकांच्या घरी सुकी राहिली असती.’ लोकांच्या घरीही पाणीच होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. त्याच पुरात नगर वाचनालयाच्या पुस्तकांची फार हानी झाली, पुस्तकं द्या म्हणून आवाहन झालं. मी दिली. दुसऱ्या लेखकांची, दुकानातून विकत घेऊन, पिशव्या भरभरून दिली. माझं एकही दिलं नाही. लोक हसले. हसू देत. त्या लेखकांना त्या दिवशी वाचक मिळाला आणि पैसेही मिळाले, यात हसण्यासारखं काय आहे मला अजून कळलेलं नाही.

वाचणं फुकट असायला माझी हरकत नाही, हे नीट समजून घे. आपल्या शेजारी साताऱ्याच्या भिलारला ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलीत. जा, दिवसभर बस, कोणी तिकीट फाडत नाही. माझी हरकत प्रत फुकट असण्याला आहे.

फक्त चार प्रती बिनबोभाट पाठवायच्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायची असते. स्वतः छापलंस की प्रकाशक तू, म्हणजे जबाबदारी तुझी. भाऊ म्हणतो (पुतण्याकरवीच), सरकारला फुकट चालतं, सख्ख्या भावाला नाही. अरे, ते कायद्याचं देणं आहे. वीजबिल भरलं म्हणून कोणी मला दानशूर म्हणत नाही.

किंडलवर, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, टाकायला हरकत नाही. २०१६ च्या डिसेंबरपासून तिथं मराठी चालते. पण ‘सिलेक्ट’च्या योजनेवर खूण करण्याआधी वाच. त्यात ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडं कुठंही देता येत नाही, आणि त्या ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवायची सोय देतात. मोह होईल, डाउनलोडचा आकडा सरसर वर जातो म्हणे. मी ती सोय कधी वापरली नाही.

टपालाचंही बघून ठेव. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून दर, पण कुठलं पुस्तक त्यात बसतं याचे नियम आहेत. कादंबरी घेऊन काउंटरवर आधी विचार, मग टपालाचा दर ठरव. आणि संक्रांतीला औदुंबरच्या संमेलनाला येताना पिशवीत प्रती आणि खिशात सुटे पैसे आण. क्यूआर कोडवर भिस्त ठेवू नकोस, गर्दीत रेंज जाते.

आता दुसरी बाजू, जी तुला अवघड जाईल. मैत्रीण मुद्रितशोधन ‘अशीच’ करून देतेय म्हणालीस. नको. पैसे दे तिला. पैसे दिलेस तर ‘हे पान पुन्हा बघ’ असं तोंडावर म्हणता येईल. फुकटात तुला तिचे आभार मानत चुका छापाव्या लागतील. आणि तुझ्या मजकुरात चुका होणार आहेत, कारण तू युनिकोडमध्ये लिहिलंयस आणि प्रेसवाला श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉण्टमध्ये, घेतो. त्या बदलात रफार उडतात, जोडाक्षरं सुटतात, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. मजकूर बदलून झाल्यावरच शेवटचं प्रूफ काढायचं, कागदावर काढायचं, आणि एकाने मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. मुखपृष्ठ करणाऱ्या मुलालाही मानधन दे, थोडं का असेना, आणि पावती घे.

येत्या रविवारी दुपारी प्रूफं घेऊन ये. जेवण इथंच. चार नंतर आलीस तर माझी झोप झालेली असेल, पण उजेड कमी होतो. मुखपृष्ठाचा नमुनाही आण. निळ्यावर लाल अक्षरं घेतलीयत, ती हातभर अंतरावरून वाचता येत नाहीत, हे त्या मुलाला आजच सांग.