आधी त्यांच्या पडवीत बस

रेवदंडा, ऑगस्ट 2025

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाई, युद्धाविरुद्धचा मोर्चाच रद्द करते." कारण काय, तर पत्रकाची पहिली ओळ कोणती यावरून ग्रुपमध्ये फूट पडली. एकाला 7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा इस्रायलवरचा हल्ला आधी हवा, दुसरीला गाझातली उपाशी मुलं आधी हवीत, आणि तिसरा म्हणतो, अलिबागकरांना कशाला हव्यात परदेशाच्या उठाठेवी. युद्ध वाईट, हे तुला मी सांगायला नको. मी एवढंच विचारलं, की ज्या घरचं माणूस तिकडे आहे त्या घराची पायरी तुमच्यापैकी कोण चढलं? तू गप्प बसलीस.

त्या तिसऱ्याला आपला किनारा ठाऊक नाही. बेने इस्रायल मंडळी, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, सांगत आली की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावपाशी फुटलं. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. डिमोना, अश्दोद, लोदला राहिली, आणि तिथे बसून मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक काढलं. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनामंदिर, अजून आहे. आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांत बघ, कुणाचा मुलगा दोह्याला, कुणाचा भाऊ कुवेतला.

जूनमध्ये इराण-इस्रायल पेटलं तेव्हा आळीतल्या आजींची भाची इस्रायलमधल्या बीरशेबाला तळघरात बसून होती. 23 जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली, विमानं बंद झाली, आणि मुरूडच्या एका घरात आईला मुलाचा फोन लागेना. मी दोन्ही घरी गेले. दोन्हीकडे टीव्ही चालू, भात तसाच झाकलेला. आणि दोघींनीही माझ्याकडे एकमेकींची चौकशी केली. ही गोष्ट तुमच्या ग्रुपवर कुणाला कळली असती?

म्हणून सांगते, आधी त्यांच्या पडवीत बस. पत्रक नंतर.

याने बॉम्ब थांबतात का, असं विचारशील. नाही थांबत. 15 फेब्रुवारी 2003 ला जगभरच्या शेकडो शहरांत लाखो माणसं इराक युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली, तरी 20 मार्चला युद्ध सुरू झालंच. आम्हीही मोजकी माणसं अलिबागच्या समुद्रावर फलक धरून उभी होतो. भेळ खाणारे हसत होते, घरचे रिकामटेकडी म्हणाले. म्हणोत. इराकशी आपला संबंध काय, असं विचारणाऱ्यांना मी आजही सांगते, की पहिल्या महायुद्धात याच कोकणातली पोरं मराठा पलटणींतून तिकडे गेली होती. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांची उपासमार झाली, एप्रिल 1916 मध्ये शरण जावं लागलं, कितीतरी कैदेत मेली. त्यांच्या आयांच्या पडवीत तेव्हा कोण बसलं असेल? मी समुद्रावर उभी राहिले ते बरोबरच केलं, आणि पुन्हा उभी राहीन.

खंत आहे ती 1990 ची. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. पुढे अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून जास्त भारतीय परत आणले. त्या दिवसांत इथल्या एका मंडळाने शांततेची सभा भरवली. शेजारच्या पाखाडीतल्या एका बाईचा नवरा तिकडे अडकला होता. तिला बोलवा, तिला बोलू द्या, म्हणून मी भांडले. "सभेत घरगुती रडगाणं नको," असं उत्तर मिळालं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. नवरा परत आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. ठराव करणाऱ्यांपैकी एकही तिच्या दारी गेला नाही. सभा म्हटलं की ती अजून दार लावून घेते. तो ठराव कुठल्या फायलीत पडलाय कुणास ठाऊक!

तेव्हापासून माझा हट्ट एकच, आणि तुला तो ऐकावाच लागेल. आधी पडवीत बस. त्याने माणूस मिळमिळीत होत नाही गं. गोळीबार थांबवा, उपाशी लेकरांपर्यंत अन्न जाऊ द्या, ओलीस सोडा, हे तिन्ही एका दमात म्हणायला छाती लागते. ग्रुपवर रात्रभर टाईप करून ती येत नाही.

आता कामाचं. 27 ला गणपती आहेत, चाकरमान्यांची गर्दी असेल. मोर्चा विसर्जनानंतर ठेव आणि पोलिसांकडे अर्ज आत्ताच दे. पत्रकात आकडे घालायचे तर दोन्हीकडचे घाल. 7 ऑक्टोबरला इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसं मारली गेली, 251 ओलीस नेली. गाझातले मृत्यू तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मते 60,000 हून अधिक. आकडा कुणाचा तेही छाप. पहिली ओळ काय असावी, ते त्या दोघींना विचार. मुरूडला शुक्रवारी दुपारी जाऊ नकोस, नमाज असते. आजींकडे शनिवार नको, शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा दिवस, असतो. सोमवारी सकाळच्या एसटीने निघ.

तुझी,
बाई