माजी सैनिक आणि नंतर साखर कारखान्यात कामाला असलेल्या आजोबांचं आयुष्य कसं लिहावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा पलटणीतून सुटून आल्यावर वाळव्याकडच्या कारखान्यात होते, वर्षश्राद्धाला चार पानांची पुस्तिका काढायची आहे आणि त्यांची लष्करातली माहिती कुठून मिळेल ते हवंय. कारखान्याबद्दल तुमच्या प्रश्नात जेमतेम अर्धं वाक्य आहे. मी मुख्यतः त्या अर्ध्या वाक्यासाठी लिहितोय, कारण आमच्या घरात हीच चूक झाली आणि ती दगडावर कोरली गेली.

लष्कराचं आधी सांगतो. डिस्चार्ज बुक, म्हणजे पलटणीतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक शोधा, बहुतेक काळ्या ट्रंकेच्या तळाशी असतं. भरती १९६० च्या आधीची असेल तर जिल्ह्याच्या रकान्यात सांगली नसेल, दक्षिण सातारा असेल. १९४९ ते १९६० जिल्ह्याचं नावच ते होतं. जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळेलच असं नाही, तेव्हा भरतीत वय अंदाजानं लिहिलं जायचं. दोन्ही तारखा द्या. बुक पुरात भिजलेलं असेल तर उन्हात घालू नका आणि चिकटलेली पानं ओढू नका. पानांमध्ये कोरा कागद घालून पंख्याखाली वाळवा आणि तो कागद दर दोन-तीन तासांनी बदला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, ते नंतर निघत नाही.

बुकच नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि आर्मी नंबर जोडा. नंबर माहीत नसेल तर पदकं बघा. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंगातून नीट वाचता येतं. चिंच लावून घासू नका, कोरीव अक्षरं झिजतात.

पदकांच्या नावांत सगळ्यात जास्त घोळ होतो. 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार' ही १९७१ च्या युद्धाची, कुठल्या आघाडीवर होते ते त्यावरून कळतं. संग्राम मेडलही १९७१ चंच, पण ते प्रत्यक्ष लढाईत नसलेल्यांनाही मिळालं. १९६५ चं रक्षा मेडलही तसंच. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. यातलं एकही शौर्यपदक नाही, पुस्तिकेत 'शौर्यपदक विजेते' असं छापू नका. हुद्दाही बुकात असेल तोच लिहा. गावात प्रत्येक पेन्शनर सुभेदार असतो, कागदावर नाईक असतो आणि नाईक असण्यात काही कमीपणा नाही.

आता आमच्या घरातलं. थोरले चुलते, घरात सगळे त्यांना नाना म्हणायचे. १९५९ ला बेळगावात भरती झाले, १ मराठा म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, १९७४ ला नाईक म्हणून सुटले. गेल्यावर गावातल्या मंडळींनी चौथऱ्यावर फरशी बसवली, वर वर्दीतला फोटो, खाली 'ढाका जिंकणारे वीर'. नानांची पलटण १९७१ च्या डिसेंबरात लढली ती तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला. ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेला वाट अडवून बसायचं होतं. आतल्या पाकिस्तानी फौजेला शरण येण्याचं पत्र गेलं, त्याच्या उत्तरात एक गोळी आली. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज वाट फोडायला थेट यांच्या मोर्च्यांवर चालून आली आणि ११ ला जमालपूर पडलं. ढाक्याचा रस्ता त्यातून मोकळा झाला. एवढं नेमकं सांगता येत असताना 'ढाका जिंकणारे' कशाला लिहायचं? तुमच्या आजोबांचंही असंच करा. बटालियनचा नंबर मिळवा, ती बटालियन त्या महिन्यात कुठे होती ते काढा आणि तेवढंच लिहा.

पण माझं खरं दुखणं फरशीवर जे नाही त्याचं आहे. नाना पलटणीत १५ वर्षं होते, कारखान्यात २७ हंगाम. फरशीवर कारखाना हा शब्दही नाही. चुलतभावाचं म्हणणं, कारखान्यात तर निम्मा गाव होता, त्यात लिहिण्यासारखं काय? मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

नाना मिल हाउसला, म्हणजे ऊस गाळतात त्या खात्यात, खलाशी म्हणजे मदतनीस म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. एका मिलला तीन रोलर असतात, वरचा, ऊस आत घेणारा फीडचा आणि चोथा बाहेर काढणारा डिस्चार्जचा. खालच्या दोघांच्या मध्ये ट्रॅश प्लेट, फीडवरून आलेला चोथा तिच्यावरून सरकत डिस्चार्जकडे जातो. ही प्लेट वर बसली तर चोथा तिच्यावर घासतो, वरच्या रोलरवर भार येतो, मिल ताकद खाते आणि प्लेट लवकर झिजते. खाली बसली तर चोथ्याला दाब मिळत नाही, वरचा रोलर नुसताच घसरतो आणि मिल चोक होते. चोक झाली की ऊस आणणारं केन कॅरियर थांबतं, बॉयलरला जळण म्हणून लागणारा बगॅस म्हणजे चोथा मिळत नाही, वाफ उतरते आणि यार्डात बैलगाड्यांची रांग वाढते. म्हणून सगळं काम पावसाळ्यात, ऑफ सीझनला. मिल उघडायची, रोलर उचलायचे, ब्रास म्हणजे बेअरिंगचे पितळी तुकडे काढून, जर्नलला म्हणजे रोलरच्या दांड्याच्या फिरत्या भागाला निळा रंग लावून त्यावर टेकवायचे, जिथे रंग उमटेल तेवढाच भाग स्क्रेपरनं खरवडायचा आणि पुन्हा टेकवायचे. रंग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हेच. ब्रास घाईत बसवला तर हंगामात बेअरिंग तापतं.

नानांची एक वही आहे. पानांच्या कोपऱ्यांवर ग्रीसचे अंगठे आणि पेन्सिलीनं नोंदी, '४ नंबर, डिस्चार्ज ३ सूत, फीड ६ सूत, प्लेट नवी'. दरवर्षीचं सेटिंग, म्हणजे रोलरमधलं अंतर सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पुढच्या पानावर त्या हंगामात काय बिघडलं ते. माझ्या मते ही वही डिस्चार्ज बुकाइतकीच मोलाची आहे.

तुमच्या आजोबांसाठी असे कागद शोधा. पीएफच्या स्लिपा, पगारपत्रक, तिकीट नंबरचा बिल्ला, युनियनच्या पावत्या. त्यांवरून कारखान्यातलं खातं आणि कामाला लागल्याचं साल कळतं. हंगामी होते की कायम, हे जरूर लिहा. हंगामी कामगाराला ऑफ सीझनला पूर्ण पगार नसतो, रिटेन्शन म्हणून पगाराचा काही भाग मिळतो, आणि घर त्यावर कसं चाललं हे आजीच सांगतील. बरोबरच्या निवृत्त फिटर, पॅनमन (रस आटवून साखर करणारे), बॉयलरवाल्यांना गाठा. 'आजोबा कसे होते' असं विचारलंत तर 'देवमाणूस' एवढंच हाती लागेल. कुठल्या नंबरच्या मिलवर होते, बारा ते आठ पाळीला कोण बरोबर असायचं, कान कधीपासून कमी ऐकू यायला लागले, बोटाला कुठल्या साली लागलं, असं विचारा. आणि हे लवकर करा, ती माणसंही ऐंशीच्या आसपास आहेत.

चार पानांतलं एक लष्कराला, दोन कारखान्याला, एक घर आणि शेतीला, असं मी करेन. आजोबा लढाईत जखमी झाले असतील किंवा खरोखर शौर्यपदक असेल तर माझी ही वाटणी धरू नका, तेव्हा लष्कराला जास्त जागा द्या.

एक राहिलं. पुस्तिकेत आर्मी नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर किंवा बँकेचा कागद छापू नका. फॅमिली पेन्शन आता आजींच्या नावानं असणार आणि असल्या कागदांवरून फसवणारे फोन येतात. आणि कागद काढलेच आहेत तर पीपीओवरचं आजींचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते बघून घ्या. आमच्या काकूंचं एका अक्षरावरून अडलं होतं.