वाचक विचारतात : मे महिन्यातला बर्फ

प्रश्न : आम्ही चौघे नाशिकचे. हरिहर, साल्हेर, अलंग-मदन-कुलंग झालंय. बर्फावर मात्र कधी पाऊल ठेवलेलं नाही. मेअखेरीस मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर जायचं ठरतंय. शेवटच्या चढाईला मध्यरात्रीच निघावं लागतं म्हणे. पहाटे पाचला, उजेडात निघालो तर काय बिघडेल?

उत्तर : बिघडेल ते उतरताना. हरिहरच्या पायऱ्या सकाळी आठला जशा असतात तशाच दुपारी दोनला. 5289 मीटर उंचीच्या या शिखरावरचा बर्फ तसा राहत नाही. दिवसा ओला झालेला वरचा थर रात्री गोठतो. पहाटे क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या धातूच्या काट्यांचे, दात त्यात करकरत घट्ट बसतात. ऊन चढलं की तोच थर भिजलेल्या साखरेसारखा सुटतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि उतारावरचा अख्खा थर खाली घसरू शकतो. हिमप्रपात बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि चढाईचे उतारही साधारण तेवढेच. म्हणून रात्री एक-दीडला निघा आणि परत फिरायची वेळ तंबूतच ठरवा. शिखर अर्ध्या तासावर दिसलं तरी ती हलवू नका.

घड्याळाइतकंच रात्रीचं आभाळ महत्त्वाचं. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता निघून जाते, ढगाळ रात्री अडकते आणि थर नीट गोठत नाही. तंबूबाहेर आल्यावर टाच आपटून बघा. वरचा पातळ पापुद्रा फुटून खाली ओला बर्फ लागला, तर त्या दिवशी शिखर नाही. वाटेत बूट घोट्याच्या वर रुतायला लागला किंवा बर्फाचे गोळे आपोआप गडगडायला लागले, तर चर्चा करत उभे न राहता उतार सोडा. पूर्वेकडचे उतार आधी तापतात.

सह्याद्रीतली एक सवय इथे अंगाशी येते : कातळाचा आधार शोधणं. उन्हाने तापलेल्या खडकाभोवतीचा बर्फ आतून पोकळ झालेला असतो. कंबरेपर्यंत आत जाल. त्यापासून लांबून चाला.

ओला बर्फ क्रॅम्पॉनखाली चिकटून गोळा धरतो आणि दात टेकतच नाहीत. अँटी-बॉलिंग प्लेट (बर्फ चिकटू न देणारी पट्टी) असलेलेच घ्या. तरी गोळा धरला तर बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीच्या, म्हणजे आइस अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेवर ठोका. मऊ तळव्याच्या ट्रेकिंग बुटांवरून क्रॅम्पॉन निसटतात, त्यामुळे कडक तळव्याचे बूट लागतील.

चढाईआधीचा एक दिवस सेल्फ अरेस्टच्या, म्हणजे घसरताना स्वतःला थांबवण्याच्या, सरावाला हवाच. तो नसलेला कार्यक्रम आम्ही तरी सुचवणार नाही. घसरलात की पालथे व्हा, अ‍ॅक्सचं डोकं खांद्याजवळ धरा, त्याची चोच बर्फात रुतवा आणि छातीचा भार त्यावर टाका. क्रॅम्पॉन घातलेले असतील तर गुडघे वाकवून पाय वर. दात अडकले तर उलटे फेकले जाल. याच कारणाने, उतरताना क्रॅम्पॉन घालून घसरगुंडी करू नका. घोटा मोडतो.

प्रश्न : ढगाळ दिवशीही गॉगल लागतो का?

उत्तर : लागतो. अतिनील किरणं ढगांतूनही येतात आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. बाजू झाकणारा, कॅटेगरी 4 चा, म्हणजे सर्वांत गडद काचेचा, गॉगल घ्या, एक जादाही ठेवा. त्रास लगेच कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, ऊन खालूनही लागतं.