एसएमपीएस बदलायच्या आधी केबल हातात धरून बघा : मायनिंग रिगवाल्यांचे प्रश्न

क्रिप्टो नाणी काढायच्या मायनिंग रिगच्या (बरीच ग्राफिक्स कार्डं लावलेला, दिवसरात्र चालणारा कॉम्प्युटर) पॉवरवर बरेच प्रश्न साचलेत, त्यातले सगळ्यांच्या कामाचे तेवढे घेतो. आधीच सांगून टाकतो, एसएमपीएसच (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजेच पीएसयू) खराब निघाला असं फार कमी वेळा होतं, भानगड बहुतेक वेळा केबल, कनेक्टर नाहीतर भिंतीतल्या सॉकेटमध्ये असते.

प्रश्न (नाशिक) : सर, सहा आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्डांची रिग आहे, इथेरियम क्लासिक हे नाणं काढतो. एसएमपीएस १२०० वॉटचा गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा दर्जा), मीटरवर ८०० च्या आसपास दिसतात. तरी तासाभरात रिग पडते. दुकानदार म्हणतो १६०० वॉटचा घ्या. घेऊ का?

नका घेऊ. ८०० वॉट भिंतीवर म्हणजे आतमध्ये सव्वासातशेच्या आसपास, १२०० वाल्याला हा लोड काहीच नाही. उलट अर्ध्या लोडच्या आसपासच गोल्डवाला सगळ्यात आरामात चालतो.

पण "पडते" म्हणजे नक्की काय होतं ते सांगितलंच नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. रिग स्वतःहून रीस्टार्ट होऊन परत कामाला लागत असेल तर तो बहुतेक वॉचडॉग (नजर ठेवणारा प्रोग्रॅम) असतो, एखादं कार्ड हँग झालं, हॅशरेट (मायनिंगचा वेग) पडला की हाइव्हओएस (रिगची ऑपरेटिंग सिस्टीम) स्वतःच रिबूट मारतं, त्यात पॉवरचा काही दोष नसतो, आधी कार्डाच्या मेमरीचं ओव्हरक्लॉक (मुद्दाम वाढवलेला वेग) थोडं खाली आणा. सगळं एकदम काळं होतं, बटण दाबलं तरी ढिम्म, आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करून थोडं थांबून परत चालू केल्यावरच उठते, असं असेल तर एसएमपीएसने प्रोटेक्शन घेतलंय, म्हणजे वाचायला स्वतःच बंद झालाय. आणि रिग चालूच आहे पण एक कार्ड गायब, तर रायझर (कार्ड मदरबोर्डापासून लांब लावायची छोटी पट्टी) किंवा त्याची वायर. (एनव्हिडियावाल्यांना लिनक्सच्या लॉगमध्ये एक्सआयडी ७९ हा एरर दिसतो, जीपीयू (कार्ड) बसवरून, म्हणजे मदरबोर्डाच्या जोडणीवरून पडला म्हणून. तिथेही पहिला हात रायझरला.)

आता केबल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चार रायझर एकाच मोलेक्सच्या (चार पिनचा जुना पॉवर कनेक्टर) माळेवर लटकवलेले दिसतायत. कार्ड रायझरमधून समजा ५० वॉट ओढतंय, चार झाले २००, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर, आणि मोलेक्समध्ये १२ व्होल्टची पिवळी वायर एकच असते! माळेतल्या पहिल्या कनेक्टरच्या एका पिनमधून हे सगळं जाणार, तेही चोवीस तास. गेम खेळणारा तीन तासांनी उठतो, रिग उठत नाही. पिन गरम होते, ढिली पडते, ढिली पडली की अजून गरम होते, आणि शेवटच्या रायझरपर्यंत पोचेस्तोवर १२ चे साडेअकराच्या खाली गेलेले असतात.

मल्टिमीटर घ्या, साधा असला तरी चालतो. मायनिंग चालू असतानाच काळा प्रोब काळ्या वायरला, लाल प्रोब पिवळ्याला, कनेक्टरच्या मागच्या बाजूने घाला, आणि दोन्ही प्रोब एकमेकांना लागू देऊ नका म्हणजे झालं. एटीएक्सच्या (कॉम्प्युटर एसएमपीएसचं ठरलेलं मानक) नियमात १२ व्होल्टला ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ही खालची हद्द. एसएमपीएसजवळ १२.१ आणि शेवटच्या रायझरवर ११.३ आलं तर एसएमपीएस निर्दोष, माळ दोषी. मोलेक्सच्या एका माळेवर दोनच रायझर ठेवा, आणि एसएमपीएसला पीसीआयईचे (ग्राफिक्स कार्डाला वीज देणारे) ६ पिनचे कनेक्टर शिल्लक असतील तर रायझर थेट त्यावरच घ्या.

दुकानदाराचा हिशोब एकूण वॉटचा असतो. रिगमध्ये हिशोब प्रत्येक वायरीचा करायचा असतो.

प्रश्न (कोल्हापूर) : दादा, रायझरसोबत सॅटाची पिन आली होती तीच लावली. काल जळका वास आला, कनेक्टर वितळून काळा झालाय. दुसरा लावू का तसाच?

अजिबात नाही. सॅटाच्या पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन बारक्या पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, सगळे मिळून ५४ वॉट. तो हार्ड डिस्कसाठी बनवलाय. पीसीआयईच्या स्लॉटमधून (मदरबोर्डावरची कार्ड बसायची खाच) कार्ड ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं, आणि रायझर म्हणजे तो स्लॉटच. २०१६ मध्ये आरएक्स ४८० आलं तेव्हा ते स्लॉटमधून ७५ पेक्षाही जास्त ओढत होतं, एएमडीला ड्रायव्हर काढून ते आवरावं लागलं होतं, हे आठवत असेल काहींना. रायझरच्या डब्यात ती अडॅप्टर वायर अजूनही येते म्हणून लोक लावतात. डबा उघडला की पहिली ती कापून टाका, कोणाला द्यायलासुद्धा ठेवू नका. आणि वितळलेल्या कनेक्टरचा रायझरही बाद समजा, वरून चांगला दिसला तरी.

प्रश्न (रत्नागिरी) : रिगच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर पण पेटतो. एसएमपीएस लीक झालाय का? दोन बदलले, तरी तेच.

दोन बदलून तेच होतंय यातच उत्तर आलं की. तुमच्या बोर्डाला अर्थिंग नाहीये, किंवा नावाला आहे. प्रत्येक एसएमपीएसच्या आत आवाज गाळायचा फिल्टर असतो, त्यात फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग असलं तर त्यातून येणारा बारीक करंट गुपचूप जमिनीत जातो. नसलं तर बॉडी दोघांच्या मध्ये लटकते, २३० च्या अर्ध्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट बारीक असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं, पण एकाच फ्रेमवर दोन-तीन एसएमपीएस असतील तर तो बेरजेत वाढतो, आणि त्यातल्या एखाद्याचं इन्सुलेशन खरंच गेलं तर फ्रेम पूर्ण फेजवर येईल आणि एमसीबी पडणारसुद्धा नाही, म्हणून हे "थोडंसं होतंय" म्हणून सोडायचं प्रकरण नाही.

वायरमन बोलवा, अर्थिंगचा खड्डा तपासायला सांगा. तुमच्याकडे जांभा, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. आणि काही महाभाग सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन वायरच्या तुकड्याने जोडून देतात, झिणझिण्या लगेच बंद होतात म्हणून गिऱ्हाईक पण खूष. तसं कोणी करत असेल तर हात धरून थांबवा, कुठेतरी न्यूट्रल तुटला की अख्खी फ्रेम २३० व्होल्टवर जाते.

अर्थिंग नीट झाल्यावर कदाचित आरसीसीबी (करंट जमिनीत गळाला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागेल, घाबरू नका. एका एसएमपीएसचा लीकेज करंट नियमात साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत चालतो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, त्यामुळे चार-पाच रिग एकाच आरसीसीबीवर असतील तर वाटून घ्या. तो काढून मात्र टाकू नका.

प्रश्न (नागपूर) : रात्री मस्त चालते, दुपारी दोन-तीनला बंद पडते. संध्याकाळी व्होल्टेज पण १८० पर्यंत जातं. १२०० वॉटची रिग, एक्स्टेन्शन बोर्डवरून ६ अँपिअरच्या सॉकेटला लावलीय. स्टॅबिलायझर लावू?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुपारची गोष्ट उन्हाची. खोलीत ४५ डिग्री, वर रिगची गरम हवा परत एसएमपीएसच्याच तोंडात, मग तो तापून स्वतःला बंद करतो. स्वस्तातले एसएमपीएस ४० डिग्रीवर तोलून वॉट लिहितात, त्याच्या वर तेवढे वॉट मिळत नाहीत. पंख्याची बाजू मोकळी ठेवा, धूळ ब्लोअरने काढा, दुपारी कार्डांचं पॉवर लिमिट खाली आणा.

व्होल्टेजचं म्हणाल तर चांगले एसएमपीएस १०० ते २४० वर चालतात, त्यांना १८० चं वावडं नाही. फक्त व्होल्टेज पडलं की तेवढेच वॉट काढायला ते करंट जास्त ओढतात. १२०० वॉटला २३० वर ५.२ अँपिअर, १८० वर ६.७. आणि तुमचा प्लग ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये, वर एक्स्टेन्शन बोर्ड! स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा, एसीसारखा १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या, वायर ४ स्क्वेअर एमएमची. तासभर चालल्यावर प्लगला हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला.

प्रश्न (न्यू जर्सी) : सेकंडहँड अँटमायनर एस१९ (बिटकॉइन काढायचं तयार मशीन) घेतला, बेसमेंटमधल्या साध्या सॉकेटला लावला तर चालूच होत नाही. पीएसयू डेड?

डेड नाही हो, उपाशी आहे. एस१९ चा पीएसयू एपीडब्ल्यू१२ हा २०० ते २४० व्होल्टवरच चालतो, तुमच्या भिंतीत १२०. त्यात मशीन ३२५० वॉटचं, आणि तिकडच्या १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा लोड ८० टक्केच धरतात, म्हणजे १४४० वॉट. तुमच्या पॅनेलमध्ये २४० असतंच, कपड्यांचा ड्रायर त्यावरच चालतो. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून २४० ची वेगळी लाइन घ्या, मशीनला साडेतेरा अँपिअर लागतील, २० अँपिअरच्या ब्रेकरवर बसतं. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरच्या नादी लागू नका. आवाजाचं मात्र घरच्यांशी आधी बोलून घ्या.

प्रश्न (पुणे) : इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर मित्राने रिग मोडली, त्याचा ८५० वॉटचा मॉड्युलर (केबल काढता-घालता येणारा) एसएमपीएस फुकट मिळतोय, केबल नाहीत. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीच्या आहेत. माझ्या रिगला दुसरा एसएमपीएस म्हणून जोडू का? आणि चांगला आहे की नाही कसं कळणार?

सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग बंद झाल्यापासून असे एसएमपीएस ढिगाने निघालेत, घ्यायला हरकत नाही. पण त्या केबल लावू नका! कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं टोक प्रत्येकाचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा वेगळं. प्लग बसतो मस्त, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी चालू व्हायच्या आधीच स्वर्गवासी. मॉडेल नंबर बघून त्याच्याच केबल मागवा.

दोन एसएमपीएस जोडताना एका कार्डाचा वरचा ८ पिन आणि त्याचा रायझर एकाच एसएमपीएसवर घ्या. अर्धं इकडून अर्धं तिकडून केलंत आणि एक आधी बंद पडला तर दुसऱ्याचा करंट कार्डातून उलटा घुसतो. सोबत चालू व्हायला अ‍ॅड-टू-पीएसयूचं छोटं बोर्ड मिळतं, ते लावा.

तपासायला २४ पिनमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्याला तारेने जोडा, एसएमपीएस चालू होतो. सगळ्या वायरी काळ्या असल्या तर १६ नंबरची पिन. पण पंखा फिरला म्हणजे पास असं नाही, आणि काही मॉडेलमध्ये लोड नसताना पंखा फिरतच नाही, म्हणून नाही फिरला तरी लगेच भंगारात टाकू नका. पिवळ्या वायरीवर मीटर लावा, मग एक कार्ड जोडून रात्रभर चालवा, मग दोन, मग तीन. चालू लोडवर व्होल्टेज खाली सरकत राहिलं किंवा आतून येणारा कुईं आवाज वाढत गेला तर मित्राला परत द्या.